दोन मास्तर

मराठीत कवायत म्हटलं की मैदान आठवतं. उर्दूत हाच शब्द, 'क़वायद', म्हटला की व्याकरणाचं पुस्तक आठवतं. मूळ अरबी शब्द एकच. 'क़ायदा' म्हणजे नियम आणि 'क़वायद' हे त्याचं अनेकवचन. मराठीने तो फौजेकडून घेतला, उर्दूने मदरशाकडून. मी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे वर्षातून एकदा तरी वर्गात हा घोटाळा होतोच. 'आज क़वायद' म्हटलं की अर्धी मुलं वह्या काढतात आणि उरलेली आनंदाने खिडकीतून मैदानाकडे बघतात.

मिरवणुकीचे बहुतेक शब्द असेच दोन्ही घरी नांदतात. नगारा म्हणजे 'नक़्क़ारा'. ताशा फारसी, लेझीम फारसी. नौबत म्हणजे अरबीत पाळी. ठरलेल्या पाळीला वाजायचा तो नगारा म्हणून नौबत. आता मराठीत नौबत येते ती फक्त वाईट, 'उपाशी राहायची नौबत आली' अशी. मी राहतो त्या वस्तीचं नावही याच कुळातलं आहे. मराठ्यांच्या फौजेत जरीपटका म्हणजे जरीचं मानाचं निशाण. ज्या सरदाराला ते आणि नौबत मिळाली, तो मोठा. म्हणजे पुढे कोण चालणार आणि त्याच्यामागे काय वाजणार, हा आपल्याकडे मानाचा प्रश्न फार जुना आहे.

तोच प्रश्न आज बँडबद्दल विचारायचा आहे, आणि तोही विद्यापीठाच्या बँडबद्दल.

अमेरिकेत विद्यापीठाचा मार्चिंग बँड ही साधी गोष्ट नाही. फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात दोन-तीनशे मुलंमुली वाद्यं वाजवत मैदानावर चालतात आणि चालता चालता अक्षरं, आकृत्या तयार करतात. सुरुवातीला हे बँड लष्करी पद्धतीने सरळ रांगांत चालत. 1907 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने रांगा मोडून मैदानावर आपलं 'पी' हे आद्याक्षर काढलं. 1936 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडने 'ओहायो' हा अख्खा शब्द वळणदार इंग्रजी अक्षरांत चालून लिहिला. आजही ते हे करतात. ड्रम मेजर सगळ्यांना घेऊन तो शब्द लिहितो, पण शेवटी 'आय' या अक्षरावरचं टिंब व्हायचा मान त्याचा नसतो. अंगाभोवती गुंडाळलेलं अवजड सूझाफोन वाजवणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा तो मान. व्याकरणाच्या मास्तरला ही व्यवस्था आवडली नाही तरच नवल.

पण त्या देशातली मला जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट विल्यम फॉस्टर यांची. फॉस्टर काळे होते. कॅन्सस विद्यापीठात संगीत शिकत असताना त्यांना वाद्यवृंदाचं संचालन करायचं होतं. काळ्या माणसाला या देशात तशी नोकरी नाही, असं त्यांना तिथे सांगण्यात आलं. 1946 मध्ये ते फ्लोरिडातल्या काळ्यांच्या एका कॉलेजात बँडचे प्रमुख झाले. हेच कॉलेज पुढे फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठ झालं. फॉस्टर तिथे 1998 पर्यंत राहिले. त्यांनी मार्चिंग बँडची चालच बदलून टाकली. गुडघे उंच उचलणं, नाचाची लय, रस्त्यावरचं लोकप्रिय संगीत, हे सगळं आत आणलं. 1989 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा पॅरिसच्या संचलनात अमेरिकेकडून गेला तो हा बँड. जागा नाही असं ज्याला सांगितलं होतं, त्याने जागा तयार केली आणि तिथे दुसऱ्यांना उभं केलं.

या गोष्टीला काळी बाजूही आहे. त्याच बँडचा ड्रम मेजर रॉबर्ट चॅम्पियन 2011 च्या नोव्हेंबरमध्ये मेला. सामना संपल्यावर बसमध्ये त्याच्याच साथीदारांनी रॅगिंगच्या नावाखाली त्याला मारहाण केली. बँड बंद ठेवावा लागला. तो 2013 मध्ये पुन्हा मैदानात उतरला. शिस्त आणि दहशत यांतला फरक विसरला की काय होतं, ते मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या कॉलेजांत मार्चिंग बँड असला तर तो बहुधा एनसीसीचा. 1948 च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुलींची शाखा आली. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये ती कॉलेजात सक्तीची झाली आणि 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक. दिल्लीला 26 जानेवारीच्या संचलनात मुलांचा आणि मुलींचा असे एनसीसीचे वेगळे बँड असतात. आमच्या जरीपटक्यापासून कामठी रोडने सरळ गेलं की कामठीची छावणी लागते. ती 1821 ची. तिथे एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. देशभरातले प्राध्यापक आणि शिक्षक तिथे येऊन परेड शिकतात आणि मग आपापल्या कॉलेजात मुलांना शिकवतात. म्हणजे मास्तरांना डावा-उजवा पाय शिकवणारी शाळा आमच्या शेजारीच आहे.

आणि या सगळ्या कवायतीत उर्दू आहे, हे उर्दूचा शिक्षक म्हणून सांगायला हवं. एनसीसीचं गीत सुदर्शन फाकिर यांनी लिहिलं. बेगम अख्तर आणि जगजीत सिंग यांनी ज्यांच्या गझला गायल्या, तेच हे फाकिर. इक्बाल यांचा 'तराना-ए-हिंदी' 1904 चा. त्याची पंडित रविशंकरांची संथ चाल आपण शाळेत गातो. पण सैन्याचे बँड ज्या जलद चालीवर पावलं टाकतात, ती प्रा. ए. लोबो यांची. उर्दू शायर, ख्रिस्ती संगीतकार, आणि त्यावर चालणारे पाय सगळ्या मुलखांतले. हे कोणी भाषणासाठी जुळवलेलं नाही. बँड असाच असतो. जो वाजवतो तो आपला.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांची हकीकत आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावं म्हणून ते धडपडत होते. हे गीत बँडवर वाजवता येणार नाही, असा आक्षेप आला. तेव्हा एवढा मोठा गवई मुंबईच्या पोलिस बँडच्या प्रमुखांकडे गेला, त्यांच्या मदतीने स्वरलेखन करून गीत बँडवर बसवलं आणि दिल्लीला वाजवून दाखवलं. निर्णय 1950 च्या जानेवारीत वेगळा झाला, तो इतिहास आहे. मला त्यातला एक भाग लक्षात राहतो. चालत्या माणसांना कोणती चाल पेलेल हे गवयाला बँडवाल्यांमध्ये बसून तपासावं लागलं. ती विद्या त्यांच्याकडे होती.

ही विद्या आपल्याकडे आली ती पलटणींतून. त्याआधी युरोपच्या पलटणींनी मोठा ढोल आणि झांजा तुर्की फौजेच्या मेहतर बँडवरून घेतल्या होत्या. म्हणजे जे पूर्वेकडून गेलं ते पितळी कर्णे सोबत घेऊन परत आलं. इंग्रजांच्या पलटणीत वाजवणारे देशी लोक बाहेर पडले आणि त्यांनी गावोगाव बँड काढले. मेरठच्या नादिर अली यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. फौजेच्या बँडमधला हा माणूस. त्यांच्या नावाची कंपनी 1885 ची, आणि मेरठची जली कोठी आजही देशभराच्या बँडना वाद्यं पुरवते.

मग हे बँड लग्नात शिरले आणि तिथेच त्यांची किंमत गेली. मी आमच्या भागात लहानपणापासून पाहिलेल्या पथकांत वाजवणारे बहुतेक मुसलमान नाहीतर दलित. वाजवायचं मात्र सगळ्यांकडे. जरीपटक्यात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती. चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक निघते, तिथे बँड. 14 एप्रिलला इंदोऱ्याकडून जयंतीच्या मिरवणुका निघतात, तिथे बँड. रामनवमीची शोभायात्रा, ताजबागेचा संदल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, सगळीकडे बँड. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा. नागपूरचे सगळे सण ज्याला तालासकट पाठ आहेत असा माणूस शोधायचा असेल तर तो प्राध्यापकांत नाही, बँडच्या दुकानात सापडेल. पथकाच्या पुढे क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट घेऊन चालणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात. मलाही मास्तर म्हणतात. एका मास्तरला शिक्षकदिनी गुलाबाचं फूल मिळतं, दुसऱ्याला 'अरे ए, दुसरं गाणं वाजव' असं ऐकावं लागतं.

हा फरक किती खोल जातो हे मला आमच्या शाळेच्या बँडमुळे कळलं.

बँड म्हणजे चार साइड ड्रम, एक मोठा ढोल, झांजांची जोडी, एक ट्रँगल आणि काही बासऱ्या. पुढे काठी घेऊन चालायला आम्ही नववीतली एक मुलगी निवडली. उंच म्हणून नाही. तिचं पाऊल कधी चुकत नसे म्हणून. स्टाफरूममध्ये लगेच कुजबुज सुरू झाली. घरून विरोध होणार, मुलगी आहे, हिजाब घालते, गाणंबजावणं आहे, मौलाना काय म्हणतील. मौलाना काहीच म्हणाले नाहीत. विरोध झाला हे खरं, पण कारण वेगळंच निघालं.

तिचे वडील भेटायला आले. त्यांचं कूलर आणि मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "सर, मेरे अब्बा बैंड में थे। क्लॅरिनेट बजाते थे। बारात में सबसे आगे चलते थे और खाना सबसे पीछे मिलता था। हमको बाजेवाला कहलाना छूटने में तीस साल लगे। अब बेटी फिर से वही काठी पकड़ेगी?"

मी शाळेचा बँड आणि लग्नाचा बँड यांतला फरक समजावू लागलो. देशाचा सण, झेंड्याची सलामी, एनसीसी, पुढे नोकरीत गुण. ते ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "फरक आपको दिखता है सर। मोहल्ले को नहीं दिखता।"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते फक्त शिक्षकाने द्यायचं उत्तरही नाही. अमेरिकेत ज्या मुलाच्या हाती बँडची काठी येते त्याचा बाप गावभर सांगतो. इथे बापाला लाज वाटते, कारण इथे वाजवणं ही कला मानली गेली नाही, जात मानली गेली. मातंग समाजाने पिढ्यान् पिढ्या हलगी आणि सनई वाजवली. त्यांच्या वाट्याला काय आलं ते आपल्याला ठाऊक आहे. मुसलमानांत जात नाही असं आपण म्हणतो आणि मग 'बाजेवाले' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारतो तेही आपल्याला ठाऊक आहे.

दोन दिवसांनी ते तयार झाले. घरात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. त्यांची एक अट होती. लाल कोट नको. आम्ही कोट शिवायचा बेत सोडला. मुलं शाळेच्याच पांढऱ्या गणवेशात उभी राहिली, कमरेला हिरवा पट्टा.

26 जानेवारीला बँड वाजला. मुलगी पुढे होती. तिचे वडील आत आले नाहीत, फाटकाच्या बाहेर स्कूटरवर बसून होते. कार्यक्रम संपल्यावर मला हाताने बोलावलं. मला वाटलं मुलीबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "सर, बड़ा ढोल सबसे पीछे रखा है आपने। बीच में लाओ। आगे वालों को देर से मिल रहा है।"

मी घरी येऊन हिशेब केला. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तेज चालीत मिनिटाला 120 पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. रांग 34 मीटर लांब असेल तर ढोलाचा ठोका दुसऱ्या टोकाला एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. पावलाचा पाचवा हिस्सा. एवढ्याने पाय फाटतात. ढोल मधोमध आणला की उशीर निम्मा होतो. आमची रांग 34 मीटरची नव्हती, पण संचलनात मागे चार वर्ग जोडले की ती तेवढी होते. हे गणित त्यांनी कधी केलं नसेल. वडिलांच्या मागे लहानपणी चालताना ते कानात बसलं असणार.

त्या दिवसापासून नेतृत्वाबद्दलचं माझं मत जरा बदललं. पुढे काठी घेऊन चालणाऱ्याची बँडकडे पाठ असते. त्याला कोणी चुकलं तर दिसत नाही. तो हुकूम ओरडून देऊ शकत नाही, कारण आवाजात आवाज बुडतो. काठी वर गेली की सगळे सावध, खाली आली की थांबले, एवढंच त्याच्या हातात. ताल त्याचा नसतो, ढोलाचा असतो. पाऊल किती लांब टाकायचं हे सर्वांत छोट्या मुलाच्या पायावर ठरतं. मग पुढचा करतो काय? तो विश्वास ठेवतो की मागे सगळे आहेत, आणि असा चालतो की मागच्यांचाही विश्वास बसावा. वर्गात व्याकरण शिकवताना मी हेच सांगतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, पण सगळं वाक्य त्याच्या भरवशावर चाललेलं असतं. फक्त बँडमध्ये ते पुढे उभं असतं.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. एनसीसीत गेली. बँडबद्दल विचारलं तर तिला सांगण्यात आलं की आमच्याकडे वाद्यं नाहीत आणि शिकवणारं कोणी नाही. वाद्यं नाहीत, हे मान्य. ती महाग असतात. पण शिकवणारं कोणी नाही?

नागपूर विद्यापीठ 1923 चं. नंतर त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली. ज्याच्या नावातच वाद्य वाजवणारा संत आहे अशी विद्यापीठं किती असतील? त्या विद्यापीठाचा स्वतःचा मार्चिंग बँड असावा, दीक्षान्त समारंभात तो पुढे चालावा, आणि त्याला शिकवायला शहरातले बँडमास्तर असावेत, ही काही फार मोठी मागणी नाही. विदर्भात अशा कामाची परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. आखाड्यातल्या वस्तादांची विद्या त्यांनी अभ्यासक्रमात आणली, आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं तिथे दाखवली. 'वस्ताद' म्हणजे आमच्या उर्दूतला 'उस्ताद'च. आखाड्याच्या वस्तादाला कॉलेजात जागा मिळू शकली, तर बँडच्या मास्तरला का नाही?

वेळेची अडचणही नाही. आषाढी एकादशीला लग्नं थांबतात आणि त्याच सुमाराला कॉलेजं सुरू होतात. कार्तिकापर्यंत गणपती, मारबत आणि देवी सोडली तर बँडची दुकानं रिकामी असतात. डीजे आल्यापासून तर लग्नसराईतही रिकामी असतात. मास्तर बाहेर खुर्ची टाकून बसलेले दिसतात, मागे भिंतीवर वाद्यं टांगलेली. विद्यापीठाचं सत्र आणि यांची बेकारी एकाच महिन्यांत येते.

माझ्या ओळखीच्या तीन मास्तरांना मी विचारून ठेवलं आहे. दोघे लगेच हो म्हणाले. तिसरे साठीच्या पुढचे आहेत, ट्रम्पेट वाजवतात, स्वरलिपी वाचतात. त्यांनी मानधन किती ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सर, पावती पर मेरे नाम के आगे क्या लिखेंगे?"

विद्यापीठातल्या कोणाच्या वाचनात हे आलं, तर त्यांच्यासाठी हा प्रश्न आहे तसा इथे ठेवतो.